आइस हॉकीचा व्हिडिओ गेम : पकामागे न धावता संघाची मांडणी कशी राखावी

जूनच्या आरंभी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात, मासेमारी बंद होते आणि आमच्या वाडीतील तरुणांच्या संध्याकाळी एकदम मोकळ्या होतात. गेले काही पावसाळे या मोकळ्या वेळात आमच्या ओटीवर आइस हॉकीचा व्हिडिओ गेम रंगतो. ज्यांनी बर्फ फक्त मासळीच्या पेटीत पाहिला आहे त्यांनी हा खेळ खेळावा याचे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना हसू येते, आणि पहिल्या वर्षी आमचा खेळ खरोखरच हसण्यासारखा होता. संगणकाच्या संघाकडून आम्ही नऊ-नऊ गोल खात होतो. माझा मावसभाऊ गावच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळतो. त्याने कंट्रोलर हातात न घेता दोन सामने नुसते पाहिले आणि मग विचारले, "अरे, तू कोपरा सोडून चढाईपटूच्या मागे मैदानभर धावतोस कशाला?"

पुढील सर्व मार्गदर्शन या एका प्रश्नाचा विस्तार आहे. पक म्हणजे काठीने मारायची रबराची चपटी चकती. बर्फावर आपले पाच स्केटर आणि एक गोलकीपर असतात. पाचांपैकी दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड, म्हणजे मधला सेंटर व दोन कडांचे विंगर. आपण एका वेळी एकच स्केटर चालवतो आणि उरलेल्या चौघांना आपण ठरवून दिलेल्या डावपेचांनुसार संगणक हलवतो. म्हणून खेळताना सतत दोन गोष्टींचा विचार करावा लागतो: या क्षणी मी कोणता खेळाडू हाती घ्यावा, आणि मी त्याला हलवल्यावर उरलेले चौघे कोठे असतील? बटणांची कसब दोन आठवड्यांत हाताला येते. या दोन प्रश्नांची सवय लागायला मात्र एक पूर्ण पावसाळा जातो.

येथील तपशील मुख्यतः ईए स्पोर्ट्सच्या एनएचएल मालिकेला धरून आहे. ही मालिका १९९१ मध्ये सेगाच्या यंत्रावर सुरू झाली. घरगुती संगणकासाठी (पीसी) तिची शेवटची आवृत्ती एनएचएल ०९ ही होती, आणि एनएचएल २५ पासून ती केवळ प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज यांवरच खेळता येते. जुनी आवृत्ती असली तरी बिघडत नाही, कारण मांडणीची तत्त्वे खऱ्या खेळातून आलेली आहेत आणि ती सर्वत्र लागू पडतात.

आधी रिंक ओळखावी

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीग, हिची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते, म्हणजे सुमारे ६१ मीटर बाय २६ मीटर. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटरचे असते, यावरून पाच जणांना किती जागा राखायची आहे याचा अंदाज येईल. दोन निळ्या रेषा रिंकचे तीन भाग करतात: दोन्ही टोकांना ७५ फुटांची क्षेत्रे आणि मध्ये ५० फुटांचा पट्टा. मधोमध लाल रेषा असते. गोल ६ फूट रुंद व ४ फूट उंच असतो, आणि गोलरेषा टोकाच्या फळीपासून ११ फूट पुढे असल्याने गोलच्या मागेही खेळता येते. फुटबॉल पाहून आलेल्या खेळाडूच्या लक्षात ही मागची जागा सर्वांत उशिरा येते.

भोवतालच्या फळ्या हा खेळाचाच भाग आहे. पक फळीवर आदळून ज्या कोनात परततो तो कोन कॅरम खेळणाऱ्याला शिकवावा लागत नाही. माणूस अडवा आला असेल तेव्हा फळीवरून दिलेला पास हाच सरळ रस्ता ठरतो.

दोन नियम मांडणीशी थेट जोडलेले आहेत. पक निळी रेषा ओलांडून आत जाण्यापूर्वी आक्रमक खेळाडूचे दोन्ही स्केट आत गेले तर तो ऑफसाइड होतो. लाल रेषेच्या अलीकडून, म्हणजे आपल्या अर्ध्या भागातून, मारलेला पक कोणालाही न लागता प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे गेला तर आयसिंग होते. मग फेस-ऑफ, म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणे, आपल्याच गोलजवळ होतो आणि चूक करणाऱ्या संघाला दमलेले खेळाडूही बदलता येत नाहीत. हे नियम खेळाच्या मेन्यूमधून बंद करता येतात आणि नवशिके ते बंद करतात. माझ्या मते ही चूक आहे, कारण ऑफसाइड बंद केला की पुढचा खेळाडू गोलसमोर मुक्काम ठोकतो आणि मांडणी शिकण्याचे कारणच उरत नाही.

सामन्यापूर्वीची तयारी

प्रथम कंट्रोलर तपासावा. डाव्या काठीला हात न लावता खेळाडू आपोआप सरकू लागला, तर तुमचा बचावपटू हळूहळू जागा सोडत राहील आणि दोष तुम्ही डावपेचांना द्याल. अशा वेळी सेटिंगमधील डेड झोन, म्हणजे काठी किती हलेपर्यंत खेळाने दुर्लक्ष करायचे ती मर्यादा, थोडा वाढवावा. कॅमेरा उंचावरून आणि रिंकच्या लांबीच्या दिशेने पाहणारा निवडावा. टीव्हीवरील प्रक्षेपणासारखा बाजूचा कॅमेरा दिसायला सुंदर असतो, पण पकापासून दूर असलेले आपले खेळाडू त्यात पडद्याबाहेर राहतात, आणि आपल्याला तर नेमके तेच पाहायचे असतात.

त्यानंतर प्रशिक्षकाचे डावपेच उघडावेत. यादी लांब असते, पण सुरुवातीला तीनच गोष्टी ठरवाव्यात. पहिली फोरचेक, म्हणजे प्रतिस्पर्धी त्याच्या क्षेत्रातून पक बाहेर काढत असताना आपले किती जण पुढे जाऊन त्याला अडवणार. यातले आकडे प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडून आपल्या गोलकडे वाचावेत. १-२-२ मध्ये एक जण पुढे जातो, दोघे मधल्या पट्ट्यात आणि दोघे मागे राहतात. २-१-२ मध्ये दोघे खोलवर घुसतात. १-४ मध्ये एक वगळता सारे मागे थांबतात. नवशिक्याने १-२-२ घ्यावे. २-१-२ अंगावर येणारे दिसते, परंतु ती पहिली जोडी चुकली की समोरचे तीन जण आपल्या दोन बचावपटूंवर चालून येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःच्या क्षेत्रातील बचाव. कोलॅप्सिंग या पर्यायात सर्व जण गोलसमोर आत सरकतात, टाइट पॉइंटमध्ये पुढचे खेळाडू निळ्या रेषेवरील प्रतिस्पर्ध्यांना चिकटतात आणि स्टॅगर्ड हा या दोन्हींच्या मधला पर्याय आहे. संगणकाशी खेळताना मी कोलॅप्सिंग ठेवतो. लांबून मारलेला फटका गोलकीपर बहुधा अडवतो, गोलसमोरून मारलेला नाही, एवढाच हिशेब त्यामागे आहे. तिसरी गोष्ट, बचावपटूंनी आक्रमणात किती पुढे जायचे. हा कल किमान पातळीवर ठेवावा आणि आपण स्वतः त्यांना विचारपूर्वक पुढे नेईपर्यंत तो वाढवू नये.

बचाव : कोणाला हाती घ्यायचे

खरा वेळ या भागाला द्यावा. प्रतिस्पर्धी पक घेऊन आपल्याकडे येत आहे असे समजा. संगणकाने तुमच्या हाती बहुधा पकाच्या सर्वांत जवळचा खेळाडू दिलेला असतो आणि तो अनेकदा बचावपटू असतो. घाबरलेला हात त्याला पकाकडे नेतो. त्याच क्षणी गोलसमोरची त्याची जागा रिकामी होते, आणि संगणक ती वेळेत भरत नाही. पुढचा पास त्या रिकाम्या जागेत जातो आणि पाठोपाठ गोल होतो.

त्याऐवजी बचावात सेंटर हाती घेण्याची सवय लावावी. स्किल स्टिक या बटणरचनेत, जिच्यात फटके कंट्रोलरच्या उजव्या काठीने मारतात, बचाव करताना आर-२ (बटणांची नावे प्लेस्टेशनची) दाबून खेळाडू बदलता येतो. पक हरवताच प्रथम ते बटण, मगच धाव. दोन्ही बचावपटू संगणकाकडे सोपवावेत, कारण मागे सरकत गोल व पक यांच्या मध्ये राहणे हे काम तो आपल्यापेक्षा शिस्तीने करतो. आपण सेंटरला घेऊन पाठीमागून परतावे, आणि परततानाही पकवाल्याच्या पाठीला लागण्यापेक्षा मधल्या गल्लीतून येऊन त्याचा आतला पास बंद करावा. हा परतीचा खेळाडू मधोमध असला की पकवाल्यासमोर फळीच्या कडेने जाण्याखेरीज फारसे काही उरत नाही, आणि कडेवरून झालेल्या फटक्याचा कोन अवघड असतो.

बचावपटूच हाती घ्यावा लागला तर त्याला पुढे नेऊ नये. एल-२ धरून उलटे स्केटिंग करावे, तोंड पकवाल्याकडे ठेवावे आणि दोघांमध्ये काठीच्या लांबीहून थोडे अधिक अंतर राखावे. हे अंतर फार वाढले तर तो निवांत फटका मारतो, फार कमी झाले तर बगलेतून निसटतो. शरीराने त्याला फळीकडे ढकलत न्यावे आणि काठी आतल्या बाजूस ठेवावी.

पक हिसकावण्याचा आर-१ हा मोह आवरणे सर्वांत कठीण. पाठीमागून किंवा आडव्या बाजूने काठी घातली तर ती पायात अडकते, दोन मिनिटांची पेनल्टी मिळते आणि आपण पाचाचे चार होतो. काठी तेव्हाच घालावी जेव्हा पकवाला पक एका बाजूकडून दुसरीकडे नेत असतो किंवा फटक्यासाठी काठी मागे घेतो. कबड्डीतला कोपरा चढाईपटूच्या प्रत्येक पावलावर झेप घेत नाही. तो पाय टेकून वळतो त्या क्षणाची वाट पाहतो. मावसभावाने कंट्रोलर प्रथमच हाती घेतला तेव्हा बटणे त्याला ठाऊक नव्हती, तरी हा क्षण त्याने आमच्यापेक्षा लवकर ओळखला.

प्रतिस्पर्धी आपल्या क्षेत्रात स्थिरावला की एक खूण मनात धरावी: गोलच्या दोन बाजूंना आखलेल्या फेस-ऑफच्या वर्तुळांच्या मधली गोलसमोरची जागा, जिला स्लॉट म्हणतात. पक कोपऱ्यात असला तर एकच बचावपटू तेथे जाईल, दुसरा गोलच्या खांबाजवळ राहील आणि तुमचा सेंटर स्लॉटमध्ये काठी पसरून उभा राहील. पक कोपऱ्यात दहा सेकंद फिरला तरी फिरू द्यावा. कोपऱ्यातून थेट गोल होत नाही, तेथून स्लॉटमध्ये येणाऱ्या पासातून होतो. एनएचएल २४ पासून मात्र या संयमाला एक मर्यादा आली आहे. त्या आवृत्तीत आलेल्या रचनेमुळे एखादा संघ बराच वेळ समोरच्याच्या क्षेत्रात ठाण मांडून राहिला तर दबाव साठत जातो, बचाव करणारे दमतात आणि गोलकीपरही थकतो. म्हणून पक हाती येताच सुंदर पासच्या शोधात न राहता तो क्षेत्राबाहेर काढणे हे पहिले काम ठरते.

पक बाहेर काढताना

बचावपटूने पक मिळवला की गोलच्या मागे जाऊन क्षणभर थांबावे. गोल स्वतःच त्याच्यासाठी आडोसा होतो आणि तेवढ्या वेळात दोन्ही विंगर फळीजवळ आणि सेंटर मध्ये खाली उतरतो. आता पुढे कोण धावून येतो ते पाहावे. तो उजवीकडून आला तर डावीकडच्या विंगरला पास द्यावा. दोघे आले तर मधला सेंटर मोकळा असतो. मोकळे कोणीच नसेल तर पक फळीवरून उंच व जोरात बाहेर घालवावा, मात्र लाल रेषेच्या अलीकडून मारल्याने आयसिंग होणार नाही इतपतच जोर असावा. स्वतःच्या गोलसमोरून आडवा पास कधीही देऊ नये. "कधीही" हा शब्द मी या लेखात फक्त येथेच वापरत आहे.

मधला पट्टा आणि रापण

१-२-२ मांडणीची खरी ताकद मधल्या पट्ट्यात कळते. जाक लेमेअर यांच्या प्रशिक्षणाखाली न्यू जर्सी डेव्हिल्सने १९९५ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा चषक, जिंकला, तो याच सापळ्याच्या जोरावर. प्रेक्षकांना तो कंटाळवाणा वाटला, आणि व्हिडिओ गेममध्ये समोर बसलेल्या मित्रालाही वाटतो. पण तो मित्र हरतो, हे विसरू नये.

आमच्याकडे हा सापळा रापणीच्या उपमेने एका संध्याकाळीत समजला. रापण लावताना कोणी माशामागे पोहत जात नाही. होडी अर्धवर्तुळात जाळे सोडत येते, दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढली जातात आणि माशाला शेवटी किनाऱ्याखेरीज दिशा उरत नाही. येथे किनारा म्हणजे फळी. पहिला खेळाडू पक हिसकावण्यासाठी जात नाही. तो पकवाल्याच्या आतल्या बाजूने तिरका जातो आणि त्याला एका कडेला वळवतो. त्या कडेचा विंगर पुढे येऊन फळीजवळची वाट बंद करतो, दुसरा विंगर मधोमध सरकून आडवा पास अडवतो आणि दोन्ही बचावपटू आपल्या निळ्या रेषेजवळ थांबतात. पकवाल्याकडे मग फळी, एक माणूस आणि घाई एवढेच उरते.

यात तुम्ही तो पहिला खेळाडू हाती घ्यावा, कारण प्रतिस्पर्ध्याला कोणत्या कडेला वळवायचे हे ठरवणारा तोच आहे. सरळ त्याच्या अंगावर गेलात तर दोन्ही कडा उघड्या राहतात आणि मागच्या चौघांना कोठे सरकावे ते कळत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. २००५ पर्यंत एनएचएलमध्ये स्वतःच्या क्षेत्रातून लाल रेषेपलीकडे थेट पास देता येत नसे. तो नियम गेल्यापासून लांब पास वैध आहे, आणि अनुभवी प्रतिस्पर्धी आपल्या एका विंगरला तुमच्या निळ्या रेषेजवळ पेरून ठेवतो. तसे दिसले की बचावपटूंना दोन पावले मागे घ्यावे, म्हणजे कंट्रोलरवरील दिशांच्या बटणांनी (डी-पॅड) संघाचा कल बचावाकडे न्यावा.

निळी रेषा ओलांडताना

आपण आक्रमणात असताना अडचण उलटी होते. पकवाला निळ्या रेषेजवळ थबकला तर आपले विंगर वेगाने आत जातात आणि ऑफसाइड होतो. म्हणून रेषा एकतर पूर्ण वेगाने ओलांडावी किंवा तिच्या बरेच अलीकडे वळून मागे पास द्यावा. समोर बचावपटू रांगेत उभे असतील तर लाल रेषा ओलांडताच पक कोपऱ्यात टाकावा आणि दोन विंगरनी त्याच्यामागे जावे. लाल रेषा ओलांडलेली असल्याने आयसिंग होत नाही. विलंबित ऑफसाइडचा इशारा मिळाला, म्हणजे आपला खेळाडू आत आहे पण पक आपल्या ताब्यात नसल्याने शिट्टी रोखलेली आहे, तर संगणकाचे खेळाडू स्वतःहून बाहेर येतात, आपल्या हातातला खेळाडू मात्र आपल्यालाच बाहेर आणावा लागतो. आमच्याकडे निम्म्या शिट्ट्या याच विसराळूपणामुळे वाजत.

गोलसमोर जागा निर्माण करणे

गोल कोठून होतो हे एकदा समजले की आक्रमणाचे डावपेच आपोआप उलगडतात. रिंकच्या मध्यातून गोलपर्यंत लांबीच्या दिशेने एक काल्पनिक रेषा ओढावी. पास ही रेषा ओलांडून एका बाजूकडून दुसरीकडे गेला की गोलकीपरला पूर्ण शरीर सरकवावे लागते, आणि तो स्थिर होण्यापूर्वी फटका बसला तर गोलची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून पास मिळताच न थांबवता मारलेला फटका, म्हणजे वन-टायमर, या खेळातले सर्वांत मोलाचे शस्त्र आहे. कंट्रोलरची उजवी काठी मागे घेऊन पास येण्यापूर्वीच धरून ठेवावी आणि पक पोहोचताच पुढे ढकलावी.

येथे खेळाडूचा हात महत्त्वाचा ठरतो. उजव्या हाताने फटका मारणारा खेळाडू डाव्या वर्तुळात उभा असेल तर त्याच्या काठीचे पाते मधोमध उघडते आणि आडवा पास थेट मारता येतो. एनएचएलमधील खेळाडू अलेक्झांडर ओवेच्किन आपली कारकीर्द याच जागेवरून गाजवत आला. ६ एप्रिल २०२५ रोजी त्याने ८९५वा गोल करून वेन ग्रेट्झकीचा एनएचएलमधील सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला, तो गोलही पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा संघ पेनल्टीमुळे एक माणूस कमी असताना, डाव्या वर्तुळातूनच झाला. आपल्या संघाची यादी उघडून प्रत्येक विंगरचा हात पाहावा आणि निदान पॉवर प्लेच्या जोडीत तरी उलट्या हाताचे खेळाडू वर्तुळांत ठेवावेत. पाच मिनिटांचे काम आहे, पण बहुतेक जण ते करत नाहीत.

आक्रमणाच्या पर्यायांपैकी ओव्हरलोडमध्ये तीन खेळाडू एका बाजूला जमतात. या गर्दीचा हेतू तेथून गोल करणे हा नसतो. बचावपटू त्या बाजूला ओढले गेले की दुसऱ्या बाजूचा बचावपटू किंवा विंगर मोकळा राहतो, आणि तेथे आडवा पास द्यायचा असतो. क्रॅश द नेट या पर्यायात सारे गोलकडे धावतात. लांबून मारलेल्या फटक्यांचे परत आलेले पक उचलायचे असतील तेव्हाच तो वापरावा, कारण पक हरवला तर मागे कोणी नसते. बिहाइंड द नेट मला विशेष आवडतो. ग्रेट्झकी गोलच्या मागे पक घेऊन थांबत असे आणि ती जागा त्याचे कार्यालय म्हणून ओळखली जाई. गोलकीपरला मान वळवून मागे पाहावे लागते, बचावपटू पक पाहू लागतात आणि समोर स्लॉटमध्ये आलेला आपला माणूस कोणाच्याच नजरेत राहत नाही. पक घेऊन गोलमागे जावे, एका बाजूने निघण्याचा आव आणावा, थांबावे आणि समोर पास द्यावा. आव आणताना घाई करू नये. बचावपटूने पाऊल टाकेपर्यंत धीर धरावा.

आक्रमणात तिसऱ्या फॉरवर्डला मात्र नेहमी थोडे वर, वर्तुळांच्या माथ्याजवळ ठेवावे. पक हरवला तर परतणारा पहिला माणूस तोच, आणि वर सांगितल्याप्रमाणे बचावात हाती घ्यायचा खेळाडूही तोच. तो बहुधा सेंटर असतो.

एक माणूस जास्त, एक माणूस कमी

प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी मिळाली की पॉवर प्ले सुरू होतो. छत्रीच्या आकाराच्या अम्ब्रेला मांडणीत एक जण निळ्या रेषेवर मध्ये, दोघे वर्तुळांजवळ आणि दोघे गोलजवळ असतात. समोरचे चौघे चौकोनात उभे असतील तर ही मांडणी उत्तम चालते, कारण वरच्या तिघांविरुद्ध चौकोनाची वरची बाजू दोघांचीच असते. ते डायमंडमध्ये, म्हणजे एक पुढे, दोघे बाजूंना आणि एक मागे असे, उभे असतील तर एक जण थेट तुमच्या वरच्या माणसावर येतो. मग पक खाली, गोलरेषेजवळ न्यावा, कारण तेथे त्यांचा एकच माणूस उरतो. फटक्याची घाई नको. दोन मिनिटे मोठी असतात. पास वर, बाजूला, परत वर असा फिरवला की चौकोन हळूहळू विस्कटतो. मग आडवा पास द्यावा.

आपण चौघे असताना मी पॅसिव्ह बॉक्स, म्हणजे गोलसमोरचा चौकोन न सोडण्याची मांडणी, वापरतो आणि पुढच्या दोघांपैकी एकाला हाती घेतो. या वेळी आयसिंगचा नियम आपल्याला लागू नसतो, म्हणून पक मिळताच तो रिंकच्या दुसऱ्या टोकाला घालवून द्यावा. यात लाजण्यासारखे काही नाही. वेज प्लस वन ही मांडणी, ज्यात तिघे गोलसमोर त्रिकोण करतात आणि चौथा पाठलाग करतो, अनुभव आल्यावर वापरावी. तो चौथा म्हणजे आपणच असतो, आणि चौथ्याला पाठलागाचा मोह झाला की पुन्हा आपण मावसभावाच्या प्रश्नापाशी येतो.

फेस-ऑफ आणि बदली

फेस-ऑफपूर्वी आपले खेळाडू कोठे उभे आहेत ते पाहूनच पक कोणत्या दिशेला ओढायचा हे ठरवावे. आपल्या क्षेत्रात तो मागे, बचावपटूकडे आणि फळीच्या बाजूला ओढावा, गोलसमोर नव्हे.

खेळाडूंची बदली पक प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात खोलवर असतानाच करावी. प्रत्येक सामन्यात तीन कालखंड असतात आणि दुसऱ्यात बाजू बदलल्याने आपला बाक आपल्या बचावक्षेत्रापासून दूर जातो. त्या कालखंडात दमलेले खेळाडू अडकून पडण्याची भीती अधिक असते, म्हणून तेथे थोडी आधीच बदली करावी.

सरावाचा क्रम

पहिल्या आठवड्यात गोल करण्याचा प्रयत्नच करू नये. संगणकाविरुद्ध खेळून केवळ सेंटर हाती ठेवावा आणि बचावपटू एकदाही हाती न घेता सामना पूर्ण करावा. दुसऱ्या आठवड्यात १-२-२ चा पहिला खेळाडू, तिसऱ्यात गोलमागचा पास. आपल्या किनाऱ्यावरून परदेशी सर्व्हरपर्यंत सिग्नल पोहोचायला वेळ लागतो आणि त्या विलंबात पक हिसकावण्याचा नेमका क्षण हुकतो. त्यामुळे ऑनलाइन सामन्यांवरून स्वतःच्या बचावाची परीक्षा करू नये. पावसात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून लांबलचक हंगामापेक्षा छोट्या कालखंडांचे सुटे सामने बरे.

दोघांनी एकाच संघातून खेळायचे असेल तर सामन्यापूर्वी जागा वाटून घ्याव्यात: एकाने सेंटर, दुसऱ्याने एक विंगर. दोघेही बचावपटू संगणकाकडेच राहू द्यावेत. पकाकडे कोण जाणार हे मोठ्याने सांगावे, आणि एकाने "मी" म्हटले की दुसऱ्याने स्लॉट गाठावा. आमच्या ओटीवर हा नियम मोडणाऱ्याने चहा करायचा असतो.

शेवटच्या मिनिटात एका गोलाने मागे असाल तर गोलकीपर काढून सहावा स्केटर उतरवावा, पण पक आपल्या ताब्यात आणि प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात असतानाच. सहाव्या माणसाला गोलसमोर गोलकीपरच्या नजरेआड उभे करावे, सेंटरला वर्तुळांच्या माथ्यावर ठेवावे आणि दोन्ही बचावपटूंना निळी रेषा सोडू देऊ नये. पक सुटून मधल्या पट्ट्यात गेला तर त्याच्यामागे धावणारे तेच दोघे असतील, आणि या एका वेळी त्यांपैकी पुढचा तुम्ही स्वतः हाती घ्यावा.